तबकडीखालची तारीख

माणसानं खोटं बोलू नये, हे आपल्याला पहिलीतच शिकवतात. पण खरं माहीत असताना नुसतं गप्प बसलेलं चालतं का, हे मात्र कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत. बी.कॉम.ला तर नाहीच नाही. मला हा प्रश्न पडला तो कीर्तनात नव्हे, प्रवचनात नव्हे, तर मनगटी घड्याळात.

हल्ली घड्याळं घरी जुळवायचा एक छंद निघाला आहे. त्याला 'मॉडिंग' म्हणतात. केस एकीकडून, तबकडी दुसरीकडून, काटे तिसरीकडून आणि आतलं यंत्र बहुधा सेइकोचं एनएच 35 असं सगळं मागवायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि रविवारची सकाळ सत्कारणी लावायची. आमच्या शाखेतले एक सहकारी या नादात आहेत. त्यांच्या चिमट्यातून उडालेला स्क्रू सोफ्याखाली शोधून देणं, हे खातं माझ्याकडे आहे.

या छंदात खरा छळ करते ती तारीख. तास, मिनिट, सेकंद ही मंडळी सरळमार्गी. तारखेचा कारभार सगळा पडद्याआडचा. तबकडीखाली एक चकती असते, तिच्यावर 1 ते 31 आकडे. तासकाटा दिवसातून दोनदा फिरतो, म्हणून 24 तासांत एकदाच फिरणारं एक वेगळं चाक ठेवलेलं असतं. मध्यरात्रीच्या सुमारास त्या चाकाचं बोट चकतीचा एक दात पुढे ढकलतं आणि तबकडीच्या खिडकीत उद्याचा आकडा येऊन उभा राहतो. एक बारीकशी स्प्रिंग त्याला तिथं दाबून धरते. आपण तेव्हा घोरत असतो.

आता घोटाळे बघा. काटे मनाला येतील तसे बसवले, तर तारीख संध्याकाळी चार वाजताच बदलते. म्हणजे ऐन कामाच्या वेळी तुमच्या मनगटावर उद्या उजाडतो! यावर उपाय सोपा आहे. आधी चावी फिरवत राहायचं, तारखेनं उडी मारली की थांबायचं, आणि मग सगळे काटे बरोबर बारावर बसवायचे. दुसरा घोटाळा चावीच्या जागेचा. काही केसमध्ये चावी तीनऐवजी चारच्या जवळ असते. तिथं आकडे वेगळ्या कोनात छापलेली चकती लागते. तीनवाली चकती घातलीत, की आकडे खिडकीतून वाकडे, अर्धवट डोकावतात. चाळीत भांडण जुंपलं की शेजारी डोकावतात ना, तसे. उपाय म्हणजे योग्य ती चकती आणून घालणं.

हे दोन्ही उपाय कष्टाचे, पण सरळ. तिसरा उपाय मात्र आपल्या संस्कृतीशी जास्त मिळताजुळता आहे. खिडकी नसलेली तबकडीच बसवायची! खिडकी गेली, तक्रार गेली. आत चकती आपली रोज मध्यरात्री इमानेइतबारे फिरतच असते. चावी पहिल्या टप्प्यापर्यंत ओढून फिरवली, तर काहीतरी फिरल्यासारखं बोटाला लागतं, पण दिसत काहीच नाही. जाणकार त्याला भुताची तारीख म्हणतात.

सहकाऱ्यांनी हाच उपाय केला. मी म्हटलं, "अहो, ही फसवणूक नाही का?"

"कसली फसवणूक? चुकीची तारीख दाखवली असती तर खोटं. मी दाखवतच नाही!"

वकिली मुद्दा होता. आणि माझ्यातला बँकवाला क्षणभर गप्पच झाला. कारण आमच्याकडे तारीख म्हणजे धर्म. पराक्राम्य दस्तऐवजांचा 1881 सालचा कायदा आहे. त्याचं 118वं कलम सांगतं की चेकवर जी तारीख असेल, त्याच तारखेला तो लिहिला असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं. केवढा हा विश्वास! घरात आमच्या बोलण्यावर कुणी इतका ठेवत नाही. पण चेकवर तारीखच नसेल, तर आम्ही तो परत करतो. लिहिणाऱ्याला खोटारडा म्हणत नाही, नुसता परत करतो. म्हणजे खोटं वेगळं आणि गप्प वेगळं, हे आम्हालाही मान्य आहे.

मग माझं अडतं कुठं? माझं अडतं ते गप्प बसण्याच्या जातीवर. एच.एम.टी.चं 'जनता' आठवा. रोज चावी द्यायची, वेळ बघायची, विषय संपला. तारीख नाही. पण त्याच्या पोटातही तारीख नव्हती! ते गप्प होतं, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. या नव्या घड्याळाला सगळं ठाऊक आहे आणि ते सांगत नाही.

ही दुसरी जात तुम्हाला कुठल्याही काउंटरवर भेटेल. पेन्शनर आजोबा ऑक्टोबरमध्ये पासबुक भरायला येतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, हे काचेपलीकडच्याला पाठ असतं. आजोबांच्या ध्यानात नसतं. पासबुक छापून मिळतं, आजोबा 'थँक्यू' म्हणून काठी टेकत जातात, आणि मग पेन्शन अडते. विचारायला गेलं की उत्तर तयार, "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं." यात खोटा शब्द एक नाही. पुसून पुसून बघा, डाग सापडणार नाही. नुसती खिडकी नव्हती, इतकंच.

म्हणून माझं मत असं, की तारीख दाखवायची नसेल तर चकती काढूनच टाकावी. भूत घालवावं. मग ते घड्याळ 'जनता'सारखं निर्मळ गप्प. आणि चकती ठेवायची असेल, तर खिडकीही ठेवावी.

तुम्ही म्हणाल, खिडकी ठेवली तरी साध्या घड्याळाची तारीख चुकतेच की! चुकते. त्या बिचाऱ्याचा समज असा की सगळे महिने 31 दिवसांचे. पगारदाराला ही कल्पनाच घाम फोडणारी. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपला की वर्षातून पाच वेळा आपणच चावी ओढून त्याला वळणावर आणायचं. तेही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान नाही. तेव्हा ते स्वतःच तारीख बदलायच्या खटपटीत असतं, घाई केली तर दात तुटतो. जो आपणहून सुधारत असतो त्याला मधेच ओढू नये, हे घरातही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण उघड्यावरची चूक निदान दिसते तरी. पोस्टातला, बसमधला, कुणीही परका माणूस मनगटाकडे बघून म्हणतो, "साहेब, आज एक तारीख आहे, एकतीस नव्हे." आपण किंचित ओशाळतो, चावी ओढतो, तारीख ताळ्यावर येते. झाकलेली तारीख मात्र महिनोन्महिने चुकत राहिली तरी तिला कुणी टोकत नाही. आणि आपण कधी चुकतच नाही, अशी तिची हळूहळू खात्री पटत जाते.