सोय आणि सापळा

मनुष्य दमतो, विसरतो आणि घाई करतो. हे तीन दोष ज्याने नीट ओळखले त्याच्या हाती मोठी सत्ता येते. ती कोणत्या कामी लावावी, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत नित्य उभा असतो. आणि जो गृहस्थ आपले चार विचार लिहून पडद्यावर लोकांपुढे मांडतो, त्याचीही त्यातून सुटका नाही, असे आम्हांस वाटते.

या पट्ट्यातील मोटारींच्या कारखान्यांत 'पोका-योके' हा जपानी शब्द आता परका राहिलेला नाही. सुटा भाग उलटा बसूच नये म्हणून साच्यात एक खुंटी ठोकलेली असते, आणि मग कामगार कितीही दमलेला असो, तो भाग सुलटाच बसतो. शिगेओ शिंगो या अभियंत्याने हा शब्द रूढ केला. त्यापूर्वी 'बाका-योके', म्हणजे मूर्खापासून बचाव, असे म्हणत. शिंगो यांनी 'मूर्ख' काढून तेथे 'चूक' घातली. बदल म्हणावा तर एका शब्दाचा. परंतु दोषाचे ओझे राबणाऱ्याच्या माथ्यावरून उतरून मांडणी करणाऱ्याच्या माथ्यावर आले. नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतही इतकी स्वच्छ गोष्ट क्वचितच सापडते! पत्रा दाबणाऱ्या प्रेसला याच न्यायाने दोन बटणे असतात. दोन्ही हात त्यांवर असल्याखेरीज यंत्र खाली येत नाही, म्हणून बोटे वाचतात. उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी यांतले एक बटण बांधून ठेवले, तर मात्र बोटांचा वाली कोणी नाही.

मनुष्यस्वभावाचे हेच ज्ञान पडद्यावर पुष्कळदा उलट्या कामी लागते. खुंटी तीच, परंतु ती वाचकाने बाहेर पडू नये म्हणून ठोकलेली. ग्राहक होण्याचे बटण ठळक आणि नाव काढून घेण्याचे बटण कोठे तरी अडगळीत, हा अनुभव कोणास नाही? अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल याने २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले, आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे तेरा प्रकार नमूद करून त्यांस मनाई केली.

येथपर्यंत निवाडा सोपा आहे. कठीण प्रश्न पुढेच आहे. बोटाने सरकवत गेले तरी न संपणारे पान अझा रास्किन याने २००६ साली योजिले, ते वाचकाचा एक टिचकीचा त्रास वाचावा म्हणून. पुढे त्याचा त्यालाच खेद झाला, व तसे त्याने जाहीरपणे सांगितले. म्हणजे हेतू निर्मळ असूनही सोयीचा सापळा होतो. तेव्हा हेतूची कसोटी पुरत नाही. वाचकास थांबावेसे वाटले तर ती मांडणी त्याला थांबू देते की नाही, हे पाहिले पाहिजे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकट्याने लिहिले. एका मनुष्याने आपल्या मनात येईल तो विषय आपल्याच पद्धतीने लोकांपुढे ठेवण्याचे इतके ठसठशीत उदाहरण मराठीत दुसरे नसावे. शास्त्रीबुवांची वाक्ये दमसास पाहणारी असत. वाचकाची मनधरणी करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. तरीही त्यांनी वाचकाचा अनादर केला असे आम्ही म्हणणार नाही. विषय कठीण असणे हा प्रामाणिकपणा आहे. मांडणी कठीण करणे हा मात्र उद्धटपणा होय. शिवाय अंक संपत असे, आणि पुढच्यासाठी वाट पाहावी लागे.

आज आकुर्डी-भोसरीकडचा एखादा तरुण अभियंता पाळी संपवून रात्री आपले लेखन स्वतःच्या जागी प्रसिद्ध करतो, अशी कल्पना करू. त्याला जाहिरात नको, पैसा नको. म्हणून तो या प्रश्नातून मोकळा होतो काय? तो आपल्या रुंद पडद्यावर अक्षरे बारीक व फिकट ठेवतो, कारण ती त्याला देखणी दिसतात. वाचणारा मात्र कंपनीच्या बसमध्ये हेलकावे खात लहानशा फोनवर डोळे ताणीत असतो. त्यातून देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. दिवसभर साच्यातल्या खुंटीचा विचार करणाऱ्याला हे सुचू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

याहून सूक्ष्म मोह आकड्याचा. किती जणांनी वाचले हे रोज कळू लागले की कोणत्या मथळ्याला माणसे जमतात तेही कळते, आणि पुढचा मथळा आपोआप तिकडे झुकतो. आमच्या ओळखीच्या काहींनी तो मोजणारा आकडा काढूनच टाकला आहे. त्यांचे वाचक वाढले की घटले, हे अर्थातच त्यांना सांगता येत नाही. पण गेल्या वर्षभरात त्यांनी विहिरींवर, आजीच्या औषधांवर आणि एका बंद पडलेल्या टपाल कचेरीवर लिहिले.