रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेली वर्षं

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. पंचनामा झाला, चौकशी लागली, मदत जाहीर झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण याच धंद्यात उभं आयुष्य घालवून पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाचा पंचनामा कुणी करत नाही. ‘अटॅक आला’ एवढ्यावर विषय मिटतो. एका रात्रीत झालेली हानी आपल्याला दिसते. वीस-पंचवीस वर्षं कणाकणानं होत गेलेली दिसत नाही. तशी हानी मोजायची दोन साधनं वैद्यकशास्त्राकडे आहेत. त्यांतून काय वाचायचं, हे एकट्या डॉक्टरांवर सोडून चालणार नाही असं मला वाटतं.

पहिलं साधन मानेच्या सोनोग्राफीचं. मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी मानेत कातडीच्या बरीच जवळून जाते. तिथं प्रोब टेकवला की पडद्यावर धमनीच्या भिंतीच्या दोन समांतर उजळ रेघा उमटतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक काळी पट्टी. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. पाओलो पिन्योली आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही पद्धत मांडली. तरुण, निरोगी माणसात हे अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. वयाबरोबर ते वाढतंच, पण वर्षाला फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं. 0.9 मिलिमीटरच्या पुढं गेलं, तर ते धमनीला इजा होत असल्याचं लक्षण मानलं जातं.

दुसरं साधन रक्ततपासणीचं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1930 मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळा पदार्थ आढळला. तोच पुढं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, या नावानं ओळखला जाऊ लागला. शरीरात कुठंही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-6 हा निरोप रक्तात सोडतात आणि तो मिळताच यकृत सीआरपी बनवू लागतं. जंतुसंसर्गात हा आकडा शंभराच्याही पुढं जातो. हृदयविकाराच्या दृष्टीनं मात्र अगदी खालच्या आकड्यांना महत्त्व असतं: लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, 3 च्या वर असेल तर जास्त. 10 च्या वर गेला तर आधी ताप-खोकल्यासारखं दुसरं कारण शोधायचं आणि ते बरं झाल्यावर पुन्हा मोजायचं.

सीआरपी रक्तात फार टिकत नाही. एकोणीस-वीस तासांत निम्मं होतं. म्हणून ते आजची हजेरी सांगतं. धमनीची जाडी म्हणजे सगळ्या नोकरीचं हजेरीपुस्तक. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर शरीर आज काय सोसतंय आणि आजवर त्यानं काय सोसलं, याचा अंदाज येतो.

धमनीचा विकार म्हणजे नळात गाळ साचावा तशी चरबी साचणं, ही समजूत फार काळ टिकली. रुडॉल्फ व्हिर्चो यांनी एकोणिसाव्या शतकातच या विकारात दाह पाहिला होता. रसेल रॉस यांनी 1999 मध्ये ठामपणे लिहिलं की हा दाहाचाच आजार आहे. धमनीचं आतलं नाजूक अस्तर धूर, साखर आणि रक्तदाब यांच्या माऱ्यानं दुखावतं. मग कोलेस्टेरॉलचे कण आत शिरतात, त्यांना खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन फुगतात आणि तिथंच अडकून दाह धुमसत ठेवतात. संधिवात, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, वर्षानुवर्षं सुजलेल्या हिरड्या यांत शरीरात दाह कायमच थोडाफार चालू असतो. या रुग्णांना हृदयविकार जास्त का होतो, याचं मोठं उत्तर इथं मिळतं. सांधा दुखतो गुडघ्यात, पण त्याचा भार धमनीही सोसते.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी. सीआरपी ही खूण आहे, कारण नव्हे. जन्मतःच ज्यांच्या रक्तात सीआरपी थोडं जास्त असतं, त्यांना केवळ त्यामुळं हृदयविकार अधिक होत नाही, हे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. 2017 मध्ये कँटोस या चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर दाहाची साखळी वरच्या कडीपाशीच तोडणारं औषध वापरून पाहिलं. एका मात्रेत झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले. दाह विझवल्यानं फायदा होतो हे कळलं, आणि औषधानं विझवायची किंमतही कळली. म्हणून दाह पेटतो कुठून, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

त्यासाठी पुन्हा सोलापूरच्या टॉवेल कारखान्याच्या शेडमध्ये जावं लागतं. टॉवेलच्या यंत्रमागावर सुतापासून सुटलेला तूस हवेत तरंगत असतो. पाळी संपेपर्यंत तो भुवयांवर, मिशीवर, पत्र्याखालच्या तुळयांवर बसतो; जो दिसत नाही तो छातीत जातो. मागांचा खडखडाट इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. अनेक ठिकाणी पाळी बारा तासांची, रातपाळी ठरलेली, आणि झोप उडवायला तंबाखूचा बार. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात वर्षं काढली तर रक्तदाब वाढतो, रातपाळीनं साखरेचं गणित बिघडतं आणि बारीक धूळ दाह चेतवते. यातलं एकेक अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. इथं हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांना शहरी भारतीयांच्या रक्तात दाहाचा निरोप नेणारे पदार्थ खेड्यातल्यांपेक्षा बरेच जास्त आढळले. म्हणजे माणूस राहतो कुठं, याची नोंद रक्तात होते. सोलापूरचे कितीतरी विणकर ज्या तेलंगणातून आले, तिथं हैदराबादजवळच्या 28 गावांत हवेतली सूक्ष्म धूळ आणि धमनीची जाडी यांची सांगड घालून पाहिली गेली. जास्त धुळीत राहणाऱ्यांची भिंत जाड होती. धूर बाहेर जायला वाट नसलेल्या चुलीपुढं बसणाऱ्या बायकांत हे विशेष दिसलं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येत असल्याचं दिसलं, इतरत्र 59 व्या वर्षाच्या आसपास. मजुरीवर चालणाऱ्या घरात ही पाच-सहा वर्षं म्हणजे मुलीचं शिक्षण किंवा घराचं कर्ज असतं.

असं असताना आपण आकडा वाढला की माणसाला दोष देतो. तेलकट खाऊ नका, चालायला जा, टेन्शन घेऊ नका. सल्ला खोटा नाही, पण बारा तास मागांमधून येरझाऱ्या घालणाऱ्याला ‘चालायला जा’ म्हणताना आपल्याला त्याचा दिवस ठाऊक नसतो. दुसरीकडं तपासण्यांची महागडी पॅकेजं विकली जातात. प्रत्येकाच्या मानेची सोनोग्राफी करत बसू नये, असं अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी 2013 मध्येच सांगितलं. एकेकट्या कामगाराला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वेळेवर तपासणं आणि तंबाखू सुटणं याचाच जास्त उपयोग आहे. जाडीचं मोजमाप खरं कामाला येतं ते गटांची तुलना करताना: मागावरचे आणि पॅकिंगमधले, दिवसपाळीचे आणि रातपाळीचे. सोलापुरात 1963 मध्ये सुरू झालेलं, आज सरकारी असलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडून सिव्हिल हॉस्पिटल आहे. असा अभ्यास इथं व्हावा, आणि त्याचे निष्कर्ष कामगारांना त्यांच्या भाषेत, तेलुगूत आणि मराठीत, कळावेत.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस होता, आवाजानं येणारा बहिरेपणाही होता. त्याच धुळीनं आणि त्याच आवाजानं धमनीचं जे होतं, ते त्या यादीत नव्हतं. कारण हृदयविकाराला दहा कारणं असतात आणि त्यातलं कामाचं कुठलं, हे एका माणसापुरतं सिद्ध करता येत नाही. ही अडचण खरी आहे. मालकांचीही बाजू आहे: सुताचे दर हलते, युनिट छोटी, नफा तुटपुंजा. मालावर मजुरी मिळत असल्यानं कामगारालाच लांब पाळी हवी असते, हेही खरं. पण धूळ ओढून घेणारी यंत्रणा, झाडण्याऐवजी शोषून घेणारी सफाई, कानाला प्लग, आठ तासांत घर चालेल असा दर आणि वर्षातून एकदा शेडमध्येच रक्तदाब-साखरेची तपासणी, यातलं काहीही सिद्धतेसाठी अडून राहण्यासारखं नाही. यामुळं फुप्फुसं वाचतात, कान वाचतात, आणि धमनीही वाचते.

जुनाट आजार माणसाच्या अंगात असतो, पण तो अंगातच सुरू झालेला असतो असं नाही. म्हणून डॉक्टरांच्या केस पेपरवर वय आणि वजनाबरोबर आणखी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं: काम कुठलं, पाळी कुठली, किती वर्षं. या तीन ओळी नियमानं लिहिल्या गेल्या, तर पन्नाशीतल्या मृत्यूंना नशीब म्हणणं आपल्याला अवघड जाईल. आणि ते अवघड जायलाच हवं.