करुणेचें माप

मुलाचें हाड मोडलें असतां आईबापांस वाटतें, औषध जितकें जहाल तितकी आपली माया खरी. २०१४ सालीं कॅनडांत साध्या अस्थिभंगाच्या १३४ मुलांवर झालेल्या प्रयोगानें ह्या समजुतीस धक्का दिला. कांहींस तोंडावाटे मॉर्फीन, कांहींस आयबुप्रोफेन दिलें. वेदना उतरण्यांत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं, उपद्रव मात्र मॉर्फीननें अधिक झाले.

कण्हणाऱ्या लेंकरावर प्रयोग करणें निर्दयपणाचें नव्हे काय, असें कोणी विचारील. आम्हांस तसें वाटत नाहीं. येथें कोणासही औषधावांचून ठेविलें नव्हतें. आणि पारख न करितां दिलेलें औषध हाही प्रयोगच, फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. देणाऱ्याचें समाधान हें करुणेचें माप खास नव्हे. सोसणाऱ्या मुलास किती आराम पडला, हेंच तें माप.