माघारी फिरणारा



२० ऑगस्ट १८६० रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या रॉयल पार्कमध्ये सुमारे १५,००० माणसे एका मोहिमेला निरोप द्यायला जमली होती. खंडाचा मधला भाग तेव्हा गोऱ्यांच्या नकाशावर बहुतांशी कोराच होता. तो ओलांडून उत्तर किनारा गाठायचा होता. १९ माणसे, २६ उंट, २३ घोडे आणि २० टनांच्या आसपास सामान, त्यात टेबल-खुर्च्यासुद्धा! एक गाडी तर बागेतच मोडली. प्रमुख रॉबर्ट ओहारा बर्क हा पोलीस अधिकारी. रानात वाट काढण्याचा अनुभव त्याला नव्हता. पण एवढ्या जयघोषात हे बोलणार कोण?

बहुतेक उंट कराचीहून आणलेले, आणि त्यांच्याबरोबर काही उंटवालेही आलेले. त्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. शिध्यात मिळणारे गोमांस त्याला चालेना. काही दिवसांतच त्याने रजा मागितली आणि तो माघारी गेला.

त्याला भित्रा म्हणावे का?

धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मध्ये असते, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. वर्गात बसून हे सोपे वाटते. वाटेवर मात्र विचार करून परतणारा काय आणि घाबरून पळणारा काय, आपल्याला दोघांचीही पाठच दिसते. आपल्यातला कोणी आखातात नोकरीला गेला आणि तीन महिन्यांत परतला, तर आपण काय कुजबुजतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्या कुजबुजीच्या भीतीने किती जण नको तिथे राहत असतील!

बर्कच्या मागे ती गर्दी होती, आणि दुसरीकडून जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा प्रतिस्पर्धीही याच वाटेला लागला होता. घाईघाईत बर्कने आपली माणसे व सामान टप्प्याटप्प्याने मागे ठेवले. शेवटी ऐन डिसेंबरच्या उन्हाळ्यात तो तिघांसह कूपर्स क्रीकहून पुढे निघाला. फेब्रुवारी १८६१ मध्ये ते उत्तरेच्या खाडीजवळ पोहोचले. दलदलीमुळे समुद्र काही दिसला नाही. परतताना एक जण वाटेत मेला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे तळावर आले, तर वाट पाहणारी तुकडी त्याच सकाळी निघून गेलेली. तीन महिने थांबा असे बर्कने सांगितले होते. ते चार महिने थांबले होते. पुढे बर्क आणि विल्स दोघेही उपासमारीने खंगून मेले. किंग तेवढा वाचला, तो तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी सांभाळले म्हणून.

स्टुअर्ट १८६० मध्ये माघारी फिरला. १८६१ मध्ये पुन्हा फिरला. अर्थात, पहिल्या तहानेलाच परतणारा तो नव्हता. तसे असते तर तो कुठेच पोहोचला नसता. पण पाणी आणि शिधा संपत आला, की सोबत्यांचा जीव त्याच्या हिशेबात आधी येई. आम्हाला वाटते, परतणाऱ्याचा निवाडा करताना हेच विचारावे: तो कोणाला जाब देत होता? २४ जुलै १८६२ रोजी, तिसऱ्या खेपेला, त्याने उत्तर समुद्राच्या पाण्यात हात बुडवले. परतीच्या वाटेवर तो इतका आजारी पडला की त्याला डोलीतून आणावे लागले.

२१ जानेवारी १८६३ रोजी मेलबर्नमध्ये बर्क आणि विल्स यांची अंत्ययात्रा निघाली. तिला निरोपाच्या दिवसापेक्षा मोठी गर्दी लोटली. त्याच दिवशी अ‍ॅडलेडमध्ये स्टुअर्टचे स्वागत झाले. त्याच्या कोणत्याही मोहिमेत एकही सोबती दगावला नव्हता.