आधी प्राण, मग हिशेब

भंडारा जिल्ह्यात रोवणीचा हंगाम सुरू झाला की माणूस आणि साप एकाच बांधीत वावरू लागतात. पाण्याने भरलेले शेत, गवताने झाकलेले धुरे, पहाटेचा अंधार आणि अनवाणी पाय. अशा वेळी कोणाला सर्पदंश झाला तर गाव काय करते, हे लाखांदूर-पवनीपासून तुमसर-मोहाडीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. कोणी १०८ क्रमांकावर फोन लावतो, कोणी शेजाऱ्याची गाडी काढतो, कोणी दवाखान्यात पुढे जाऊन निरोप देतो. जुने भांडण असलेला माणूसही त्या घडीला धावून येतो. "अनवाणी का गेलास? हातात बॅटरी का घेतली नाहीस?" असे त्या क्षणी कोणी विचारत नाही. निष्काळजीपणा त्याचा असला तरी तो प्रश्न नंतरचा, हे सर्वांना उमजते.

आता त्याच गावातील दुसरे घर डोळ्यांसमोर आणावे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्री उशिरा घरी आला आणि पलंगावर आडवा झाला. त्याने गोळ्या घेतल्या आहेत की खोकल्याच्या औषधाची बाटली रिकामी केली आहे, कोणास ठाऊक. तो हाकेला ओ देत नाही. श्वास संथ आहे, घशातून घरघर येते, ओठ काळे-निळे पडू लागले आहेत. आई म्हणते, "अहो, याला आत्ताच दवाखान्यात नेऊ या." वडील दाराला कडी लावून म्हणतात, "गप्प राहा. सकाळपर्यंत उतरेल. मोहल्ल्यात कळले तर मशिदीत तोंड दाखवता येणार नाही." या घरातील माणसे कल्पनेतील आहेत, त्यांची भीती मात्र आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे.

एका घरात विष सापाने दिले, दुसऱ्या घरात मुलाने ते स्वतःच्या हाताने घेतले. पहिल्यासाठी गाव धावले, दुसऱ्यासाठी सख्ख्या बापाने दार लावले. तेव्हा प्रश्न असा आहे की, माणसाच्या पापामुळे त्याच्या प्राणाची किंमत कमी होते काय? ज्याने स्वतःला संकटात लोटले, त्याला वाचविण्याचे कर्तव्य आपल्यावर उरते काय?

दिव्य कुरआनातील सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीचा आशय आपण अनेकदा ऐकतो. एका माणसाचा अन्यायाने जीव घेणे हे सर्व मानवजातीचा जीव घेण्यासारखे आहे आणि एकाला जीवदान देणे हे सर्व मानवजातीला जीवदान देण्यासारखे आहे. या आयतीची रचना लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. जीव घेण्याविषयी बोलताना तेथे अपवाद सांगितले आहेत, खुनाचा बदला आणि भूमीवर माजविलेला उपद्रव यांचे. जीव वाचविण्याविषयी बोलताना मात्र एकही अट घातलेली नाही. वाचविला जाणारा माणूस नेक असावा, निर्दोष असावा, असे तेथे म्हटलेले नाही. जिथे अल्लाहने अट घातली नाही, तिथे ती घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नशा हराम आहे, याविषयी मुसलमानांत दुमत नाही. परंतु हराम कृत्य करणाऱ्या माणसाशी कसे वागावे, हेही पैगंबर मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे. सहीह बुखारीत अब्दुल्लाह नावाच्या एका सहाबींचा उल्लेख येतो. ते आपल्या बोलण्याने पैगंबरांना हसवीत असत, पण मद्यपानाची सवय त्यांच्याकडून सुटत नव्हती आणि त्यासाठी त्यांना शिक्षाही झाली होती. एकदा त्यांना पुन्हा आणले गेले तेव्हा उपस्थितांपैकी एकाने त्यांना शाप दिला. पैगंबरांनी त्याला रोखले आणि हा मनुष्य अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. अशाच एका प्रसंगी त्यांनी लोकांना बजावले की, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका. शिक्षा टळली नाही, हे खरे. पण शिक्षा झालेला माणूस समाजातून बाद झाला नाही, हेही तितकेच खरे. ज्याला शाप देण्याचीही मुभा नाही, त्याला बंद दाराआड मरू देण्याची मुभा कशी असेल?

यावर काही आक्षेप घेतले जातात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार प्रामाणिकपणेच केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, उतारा सहज मिळू लागला तर पापाला धीर येईल. यासाठी तो उतारा काय आहे, हे आधी समजून घ्यावे. अफू, गर्द, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, वेदनाशामक म्हणून दिले जाणारे ट्रामाडोल, ही सारी अफूच्या गुणधर्माची द्रव्ये होत. त्यांचे प्रमाण वाढले की मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. माणूस झोपल्यासारखा दिसतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास थांबत जातो. नॅलोक्सोन हे औषध त्या द्रव्याला मेंदूतील त्याच्या जागेवरून दूर सारते आणि काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. त्यात नशा नाही. उलट ते नशा उतरविते आणि व्यसनी माणसाला त्याचा त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली अशी शिफारस केली की, असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याची शक्यता आहे, त्या कुटुंबीयांना व मित्रांनाही हे औषध उपलब्ध असावे आणि ते वापरण्याचे शिक्षण मिळावे. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारण्याचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मान्यता आहे. आपल्याकडे ते प्रामुख्याने रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात वापरले जाते. म्हणून आपल्यासाठी उतारा म्हणजे वेळेत गाठलेले रुग्णालय. आता विचार करा, विहिरीजवळ दोर ठेवला म्हणून कोणी विहिरीत उडी घेत नाही. आणि तौबेचे दार मरेपर्यंत उघडे असते, ही आपली श्रद्धा असेल, तर पापी माणसाचा श्वास वाचविणे म्हणजे त्याला तौबेसाठी वेळ मिळवून देणे होय. मेलेल्या माणसाला कोण सुधारणार?

दुसरा आक्षेप तकदीरचा. जे लिहिले असेल ते होईल, असे म्हणून हात बांधून बसणारे कमी नाहीत. शाममध्ये साथ पसरली असता ह. उमर (र.) यांनी तेथे न जाता परत फिरण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या नियतीपासून पळता काय, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, होय, आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. आजार ही नियती असेल तर औषध हीदेखील नियतीच आहे. सर्पदंशावर केवळ दम करून घेणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. दुआ अवश्य करावी, पण ती रुग्णालयाच्या वाटेवर, धावत्या गाडीत करावी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतील अनेक मृत्यूंमागे उशीर हेच कारण असते.

तिसरा आक्षेप इज्जतीचा आणि तो सर्वांत बलवान आहे. इस्लामने दुसऱ्याचे दोष झाकण्याची शिकवण दिली आहे, हे सत्य आहे. परंतु दोष झाकावयाचे ते चारचौघांच्या चर्चेपासून, वैद्यापासून नव्हे. डॉक्टरसमोर सत्य सांगणे ही बदनामी नसून उपचाराची पहिली पायरी आहे, कारण प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर घोड्याच्या रक्तातून तयार केलेली प्रतिसर्पविष लस लागते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर ॲसिटिलसिस्टीन लागते आणि ते पहिल्या आठ तासांत दिले तर सर्वाधिक गुणकारी ठरते. पिकावर फवारल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांवर ॲट्रोपिन लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा विदर्भाने या उताऱ्यांचे मोल जवळून पाहिले. नॅलोक्सोन या कोणत्याही विषावर चालणार नाही, आणि यांतील एकही औषध अफूवर चालणार नाही. बापाने डॉक्टरला "पोराला चक्कर आली" एवढेच सांगितले, तर डॉक्टर कोणता उतारा देणार?

विषारी दारूचे उदाहरण तर आपल्याला अधिकच विचार करावयास लावते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तिच्यातील मिथेनॉल या विषावर फोमेपिझोल हे औषध दिले जाते आणि ते नसेल तेव्हा वैद्य इथेनॉल, म्हणजे शुद्ध मद्यार्कच, मोजून देतात. जे हराम ते प्राण वाचविण्यापुरते, तेवढ्याच मात्रेत, निरुपायाने अनुज्ञेय ठरते. जो मजबूर आहे आणि मर्यादा ओलांडत नाही त्याच्यावर गुन्हा नाही, हे तत्त्व सूरह बकरहमध्येच आले आहे. शरीअतने प्राणासाठी आपला नियमही शिथिल केला. आपण मात्र लोकलज्जा शिथिल करावयास तयार नाही.

पोलिसांची भीतीही पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की, जखमी माणसाचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्यानंतर येतात. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही, कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. आणि ज्याने निराशेच्या भरात विष घेतले, तो तीव्र मानसिक तणावाखाली होता असे गृहीत धरावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. समाजाने त्याच्याकडे त्याहून कठोर नजरेने का पाहावे? तुफैल बिन अम्र (र.) यांच्या ज्या सोबत्याने आजाराच्या असह्य यातनेत स्वतःचे हात कापून घेतले व प्राण गमावला, त्याची हकिकत ऐकून पैगंबरांनी त्याच्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. स्वतःचा जीव घेणे हे मोठे पाप आहे, हे सांगणारे तेच आणि त्या माणसासाठी हात उचलणारेही तेच.

अबू दाऊदच्या संग्रहातील एक घटना या साऱ्या चर्चेचे सार सांगते. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल फर्ज झाले. तयम्मुम चालेल काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळताच पैगंबर (स.) अत्यंत संतप्त झाले. या लोकांनीच त्याला मारले, असे ते म्हणाले, आणि ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा उपाय विचारणे हाच आहे, असे त्यांनी समजावले. ते सोबती दुष्ट नव्हते. ते न विचारता निर्णय देऊन मोकळे झाले होते. "झोपू द्या, उतरेल", "लिंबू-ताक पाजा", "मिठाचे पाणी पाजून ओकारी काढा", हेसुद्धा आपल्या घराघरांत दिले जाणारे असेच न विचारलेले निर्णय आहेत आणि तेही जीव घेऊ शकतात.

म्हणून काय करावयाचे, ते प्रत्येक घराने आधीच जाणून घ्यावे. हाक मारून, खांदा हलवून माणूस उठत नसेल तर ती झोप समजू नये. लगेच १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. तोंडातून काहीही पाजू नये, मुद्दाम ओकारी काढू नये, एकटे सोडू नये. श्वास थांबला तर फोनवरील माणूस सांगेल तशी छाती दाबत राहावी. रिकामी बाटली, गोळ्यांचे पाकीट, जे सापडेल ते सोबत न्यावे आणि खरे ते सांगावे. रुग्ण शुद्धीवर आला म्हणून घाईने घरी आणू नये, कारण नॅलोक्सोनचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि अफूचा प्रभाव त्याहून अधिक काळ राहू शकतो. जिथे गावापासून मोठे रुग्णालय दूर आहे, नागपूर तर भंडारा शहरापासूनही साठ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे घरात दडवाडडवीत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मशीद समित्यांनीही यात वाटा उचलावा. जुमुआच्या खुतब्यात नशेचा निषेध होतो तो योग्यच आहे. त्याच खुतब्यात दोन वाक्ये या तातडीच्या मदतीविषयी यावीत. एखाद्या डॉक्टरला बोलावून तरुणांना प्रथमोपचार शिकवावेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष लस, ॲट्रोपिन, नॅलोक्सोन यांचा साठा असतो काय, याची आदराने चौकशी करावी आणि नसेल तर सर्व समाजांच्या मंडळींना सोबत घेऊन निवेदन द्यावे. हे उतारे ही साऱ्या गावाची अमानत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासनाचे क्रमांक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहून ठेवावेत.

त्या कल्पनेतील घराकडे पुन्हा एकदा पाहू. वडिलांनी कडी काढली, शेजाऱ्याला हाक मारली, मुलगा वाचला, तर मोहल्ल्यात चार दिवस चर्चा होईल. पाचव्या दिवशी ती थांबेल आणि मुलगा घरात असेल. त्याच्याशी बोलता येईल, रागावता येईल, उपचार करता येतील, त्याच्यासाठी दुआ करता येईल. कडी लागलेलीच राहिली तर चर्चा कदाचित होणारही नाही, पण आखिरतमध्ये त्या बंद दाराविषयी विचारले जाईल. पापाचा हिशेब घेणारा अल्लाह आहे आणि त्याला घाई नाही. आपल्याला घाई करावयाची आहे ती प्राण वाचविण्याची.

अल्लाह आपल्या मुलांचे नशेपासून रक्षण करो, जे घसरले त्यांना परतण्याची संधी देवो आणि त्यांच्यासाठी दार उघडण्याचे धैर्य आपणा सर्वांना देवो. आमीन.