मालक गेला, ढिगारा राहिला

आमच्या धर्माबादला खाण नाही. इथे मिरचीचा बाजार आहे आणि जवळ गोदावरी आहे. तरीही बंद पडलेल्या खाणींचा प्रश्न मला परका वाटत नाही, कारण मुळात तो कर्जाचा प्रश्न आहे. बापाची जमीन घेणाऱ्याने बापाचे देणेही फेडावे, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळते. मग खाणीचे देणे कोणी फेडायचे?

हे देणे वाढते कसे ते पाहा. लोखंड आणि गंधक एकत्र असलेला दगड जमिनीच्या पोटात युगानुयुगे गप्प पडून असतो. खाणवाला तो फोडून बाहेर टाकतो. हवा-पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि ते दगडातले शिसे, आर्सेनिक, कॅडमियम विरघळवून ओढ्यात नेते. खाणीला कुलूप लागले म्हणून हे थांबत नाही. स्पेनमधल्या रिओ तिंतो नदीकाठी रोमनांनी आणि त्यांच्या आधी-नंतर अनेकांनी खाणी खोदल्या. रोमन साम्राज्य इतिहासजमा झाले. नदी आजही लाल आणि आंबट वाहते.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथला दगड वेगळा, आम्लाचा उपद्रव तितका नाही. पण एक टन लोहखनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसला गेला आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांत त्याचे डोंगर झाले. पावसात त्यांचा गाळ, लोह आणि मँगनीज घेऊन, भातशेतीत उतरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केले. पट्टा रद्द होतो, पाऊस कसा होणार?

कुणी म्हणेल, गावानेही खाणीवर पोट भरले, मग गावानेही सोसावे. मला हे पटत नाही. मजुराने मजुरी घेतली ती घामाची; नफा दुसरीकडे गेला, खनिज जपान-चीनला गेले.

२०१४ च्या निकालात न्यायालयाने विक्रीच्या रकमेतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितले. ही दिशा योग्य आहे. मात्र खाण बंद करताना घ्यायची हमी आपल्या नियमांत हेक्टरावर मोजली जाते, दगड किती वर्षे झिजणार यावर नाही. ढिगाऱ्याखालून येणारे पाणी तपासणीत निर्मळ ठरेपर्यंत ती हमी सोडू नये. आणि मालक सापडतच नसेल, तर ज्या सरकारने रॉयल्टी मोजून घेतली, त्याने ते देणे आपल्या खात्यावर लिहावे.