होऊन गेलाय ना?

2021 च्या फेब्रुवारीत आमच्या घरी साखरपुडा होता. मावशीला बोलवायचं की नाही, यावर दोन दिवस फोन चालले. ती 74 वर्षांची, दिवाळीच्या आधी कोविडमधून उठलेली. 'तिला होऊन गेलाय ना, मग कसली काळजी?' हे वाक्य माझं. सगळ्यांना ते लगेच पटलं, कारण सगळ्यांच्या सोयीचं होतं.

या वाक्याच्या मुळाशी गोवर आहे. एकदा आला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आज्या सांगत, आणि ते खरंच होतं. 1846 मध्ये डेन्मार्कच्या अमलाखालच्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर लुडविग पानुम हा तरुण डॉक्टर तिथे गेला. आधीची साथ 1781 ची. तेव्हा गोवर येऊन गेलेली म्हातारी माणसं त्याला भेटली. 65 वर्षांनंतरही त्यांना तो पुन्हा झाला नव्हता.

त्याच डेन्मार्कमधला कोविडचा अभ्यास मार्च 2021 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथे चाचणी मोफत होती. 2020 या वर्षात सुमारे 40 लाख लोकांनी ती करून घेतली होती. एकदा होऊन गेलेल्यांना पुन्हा लागण होण्यापासून मिळणारं संरक्षण सरसकट 80 टक्क्यांच्या आसपास निघालं. पासष्टी गाठलेल्यांत मात्र 47 टक्केच. 2020 मध्ये लस जवळपास कुणालाच मिळाली नव्हती. संशोधकांनी बोट ठेवलं ते वयाबरोबर मंदावणाऱ्या प्रतिकारशक्तीवर.

मी ते वाचलं तोवर साखरपुडा होऊन गेला होता. माझ्या तरुण भाच्याच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं ठरलं असतं ते वाक्य मावशीच्या बाबतीत जेमतेम निम्मं खरं होतं. पण मला आकडा ठाऊक नव्हता, याचं तितकंसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की जिवाचा धोका तिचा आणि परवानगी देणारा मी. तिला घरी बसवून ठेवायलाच हवं होतं, असं नव्हे. खिडकीशी बसून काढलेले महिने तिला पुरे झाले होते. तिला विचारायला हवं होतं. खोकणाऱ्या भाच्याला त्या दिवशी थांबवायला हवं होतं, हॉलच्या खिडक्या उघडायला हव्या होत्या.

तिला काही झालं नाही. म्हणूनच घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

परवा सत्यनारायणाला बोलावलं, तेव्हा तिने आधी विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे का रे?" मी फोन धरून ठेवला आणि घरातल्या एकेकाला विचारून आलो.